हसू ठेवायचे, श्रद्धा वगळायची?

गेल्या पावसाळ्यात आपल्या शहरातील एका मराठी मंडळाच्या बैठकीला आम्ही उपस्थित होतो. वर्षाचे कार्यक्रम ठरत होते. कोणीतरी सुचविले की, एक संध्याकाळ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनासाठी ठेवावी. सूचना सर्वांना आवडली. तेवढ्यात एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “जरूर ठेवा. वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण वाचा, टिळकांच्या विक्षिप्तपणाच्या गमती वाचा. लोक पोट धरधरून हसतील. फक्त तो पुढचा ख्रिस्ती भाग तेवढा नको. दिवस बरे नाहीत.” कोणी हरकत घेतली नाही. ठराव झाला, चहा आला, मंडळी पांगली.

आम्हीही हरकत घेतली नाही. घरी परतताना मात्र ते मौन आम्हांला बोचू लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मौनाची भरपाई आहे, असे वाचकांनी खुशाल समजावे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या देवघरात चार पिढ्यांपूर्वी बैलगाडीतून आलेला विठोबा आहे आणि तो तेथेच राहणार आहे. कोणी धर्म बदलावा वा बदलू नये, हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच की, संकटांच्या ऐन गर्तेत काही मराठी माणसांना आनंद गवसला, त्यांनी तो मराठीत लिहून ठेवला आणि तो आनंद ख्रिस्तावरील श्रद्धेतून आला असे स्वच्छ सांगितले. आपण त्यांचे पुस्तक घेतो, त्यातले हसू घेतो आणि त्या हसण्याचा उगम तेवढा कात्रीने कापून काढतो. याला आम्ही वाङ्मयीन अप्रामाणिकपणा म्हणतो. आणि हा अप्रामाणिकपणा आपल्यालाच महाग पडतो आहे, हे आम्हांला येथे दाखवायचे आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या. म्हणजे वडील मीठसुद्धा धुऊन घेत ती हकीकत, सासऱ्यांच्या जाचाची हकीकत, वाणसामानासाठी घेतलेले पैसे भलत्याच वस्तूवर उधळून हसतमुखाने घरी येणाऱ्या नवऱ्याची हकीकत, हे सारे ज्या बाईने लिहिले ती साठीच्या घरात पोचलेली, वैधव्य सोसलेली आणि तीन दशके ख्रिस्ती असलेली बाई होती. बाळपणाची प्रकरणे बाळपणी लिहिलेली नसतात, ही साधी गोष्ट आपण विसरतो. जलालपूरच्या त्या मनूचा स्वभाव मुळातच मिस्कील होता, असे कोणी म्हणेल. असेल, आम्ही नाकारीत नाही. पण मिस्कील स्वभावाच्या माणसाला इतके सोसावे लागले म्हणजे त्याचे हसणे बहुधा बोचरे होते, त्याला उपरोधाची धार येते. लक्ष्मीबाईंचे तसे झाले नाही. ज्यांनी छळले त्यांच्याविषयी लिहितानाही त्यांच्या लेखणीला विषाचा थेंब लागलेला नाही. छळ लपविलेला नाही, सौम्यही केलेला नाही. तरी द्वेष नाही. ही केवळ स्वभावाची देणगी नव्हे. ही क्षमेची दृष्टी आहे, आणि ती आपल्याला कोठून मिळाली हे लक्ष्मीबाईंनी त्याच पुस्तकात सांगितले आहे. ज्या भागात सांगितले आहे, नेमका तोच भाग आपल्या मंडळींना नको आहे.

आता तो नकोसा भाग काय आहे तो थोडक्यात पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना आधीच वेढून टाकले होते. बातमी समजताच लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत आणि बायको परित्यक्ता, अशा अवस्थेत त्यांनी चार-पाच वर्षे काढली. कधी पंढरपूर, कधी नाशिक, बहिणीच्या आणि आप्तांच्या आधाराने, लहानग्या दत्तूला सांभाळीत. पुढे त्या नवऱ्याजवळ आल्या, पण धर्म घेऊन आल्या नाहीत. सोवळ्याची चूल निराळी मांडली. नंतर जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना आपल्याच विचाराने पटले, आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढले म्हणून गेलेली ही बाई नव्हे. भांडत, रडत, हसत, एकेक पायरी स्वतः चढत गेलेली ही बाई आहे. मराठी गद्यात एका सामान्य स्त्रीच्या मनाचा असा प्रवास त्यापूर्वी कोणी लिहिला होता? आणि आम्ही म्हणतो, हा भाग तेवढा नको!

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. बैठकीनंतर त्यांतले काही आम्ही ऐकलेही. ते एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप असा की, हा आनंद विकत घेतलेला होता. दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य दिले, लोकांनी धर्म दिला. पोट भरले म्हणून आनंद झाला, त्यात आध्यात्मिक ते काय? आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्याचा अंश आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन दिले होते. १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने कोरडे ओढले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात रमाबाईंच्या विरोधकांची बाजू सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. केडगावच्या मुक्ती सदनात पोरक्या मुलींना भाकरीबरोबर बायबलही मिळे. अशा मुलीच्या संमतीला अर्थ किती, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारायलाच हवा.

परंतु तो विचारण्याआधी आणखी एक प्रश्न येतो. त्या मुली रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा त्यांची संमती विचारायला कोण आले होते? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतापर्यंत जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि बायका उचलून आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर त्यांच्याकडची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांना अक्षर शिकविले, विणकाम शिकविले, छापखान्यात खिळे जुळवायला शिकविले. आंधळ्यांसाठी सोय केली, ज्यांना समाजाने ‘पतित’ म्हणून बाहेर टाकले त्यांच्यासाठी कृपा सदन काढले, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन काढले, मुलांच्या वसतिगृहाला नाव दिले सदानंद सदन. दुष्काळातून आणलेल्या हाडांच्या सापळ्यांच्या घराला ‘सदानंद’ हे नाव देण्याचे धैर्य कोणाला होते? या नावाकडे आम्ही पुनःपुन्हा पाहतो. ते कोणत्याही परकीय भाषेतून आलेले नाही. ते आमच्याच संतांच्या शब्दकोशातले आहे.

आणि विकत घेतल्याची भाषा खुद्द टिळक व रमाबाईंना तर मुळीच लागू पडत नाही. टिळकांना बाप्तिस्म्याने काय मिळाले? बायको-मूल गेले, आप्त गेले, नावाला काळिमा लागला. पुढे मिशनची नोकरी मिळाली, तीही त्यांनी १९१७ मध्ये सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. हिंदू असो वा ख्रिस्ती, ज्याला ख्रिस्ताचा शिष्य व्हायचे त्याने यावे, असा. पगारासाठी धर्म घेतलेला माणूस उतारवयात पगार सोडून फकीर होत नाही.

या ठिकाणी आणखी एक कबुली देणे आम्हांला भाग आहे. मराठी ख्रिस्ती समाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टिळक आणि रमाबाई हीच ब्राह्मण कुळांतली नावे येतात. प्रत्यक्षात तो समाज मुख्यतः महार आणि मांग म्हणून गावकुसाबाहेर ठेवलेल्या कुटुंबांतून उभा राहिला. आपल्या जुन्या राज्यातलेच उदाहरण घ्या. १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री निजामी मुलखात जालन्याला आले. दिवाण सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले. तेथे आलेल्या कुटुंबांना मिळालेला आनंद कवितेतला नव्हता. आपल्या हक्काची विहीर, आपले शेत, मुलाच्या हातात पाटी, आणि उपासनेला बसताना कोणी ‘लांब हो’ न म्हणणे, असा तो आनंद होता. जातीची सावली चर्चच्या दारापर्यंतही गेली, हे खरे आहे. पण म्हणून तो पहिला श्वास खोटा ठरत नाही. त्याला ‘तांदळासाठी बाटले’ म्हणणाऱ्यांनी आपल्या वाड्याच्या विहिरीवर त्या काळी कोणाला येऊ दिले होते, हे आधी आठवावे. आमच्या वाड्याच्या विहिरीवर कोणी येऊ शकत नव्हते. तेव्हा हे वाक्य आम्ही आम्हांलाही सोडून लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे. तो म्हणतो, दुःखात देव आठवणे ही पळवाट होय. श्रद्धेचा आनंद म्हणजे गुंगी, जिच्यात माणूस दुःखाचे कारण शोधायचे विसरतो. या आक्षेपाला उत्तर म्हणून आम्ही रमाबाईंचे चरित्र पुढे ठेवतो.

१८५८ मध्ये जन्मलेल्या या मुलीने बापाच्या मागे अर्धा हिंदुस्थान पायी तुडविला. अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत, ती ऐके. पुढे तीही सांगू लागली. १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत हे कुटुंब दक्षिणेत अन्नावाचून भटकत राहिले. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले. निजामी राज्यातील रायचूरला ती पोचली तेव्हा आईचेही दिवस भरत आले होते. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या रमेला स्वतः खांदा द्यावा लागला. पुढे बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला. पदरात तान्ही मनोरमा. हैदराबादच्या वाचकहो, आपल्या आजोबांच्या काळात रायचूर आपल्याच राज्याचा जिल्हा होता. ही कथा परमुलखातली नाही.

१८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आता येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, बाप्तिस्म्याने आपल्याला धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी आपण तळमळत होतो तो ख्रिस्त मिळाला नाही. मनाचा तो आनंद आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, लाभला. म्हणजे परदेशात मान मिळाला, पुस्तक गाजले, देणग्या आल्या, संस्था उभी राहिली, तेव्हा तो आनंद नव्हता. आणि तो आला त्यानंतर काय घडले? दोनच वर्षांत पुण्याचे वादळ, मागोमाग दुष्काळ, प्लेग, हजारो मुलींच्या पोटाची चिंता, स्वतःला बहिरेपण. १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी आपल्याच राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली, ती मनोरमाबाईंच्या हाती दिली. १९२१ च्या जुलैत ती एकुलती एक मुलगीही गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सगळ्या बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करीत होत्या. अनुवाद त्यांनी पुरा केला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

गुंगीत असलेला माणूस उतारवयात हिब्रू शिकत नाही. पळवाट काढणारा माणूस दुष्काळी मुलखात बैलगाड्या घेऊन जात नाही. दुःखाचे कारण शोधण्यात रमाबाई कोणत्याही सुधारकाच्या मागे नव्हत्या. बायकांच्या दुःखाची कारणे त्यांनी १८८७ मध्येच इंग्रजीत ग्रंथ लिहून जगासमोर मांडली होती. श्रद्धेने त्यांचा एकही घाव चुकविला नाही. श्रद्धेने एवढेच केले की, प्रत्येक घावानंतर त्यांना उठून कामाला लागता आले. हा आनंद म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. दुःखाने आपल्याला निरुपयोगी करू नये, यासाठी मिळालेले ते बळ होय.

येथे आम्हांला उलट बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. आज मोठमोठे मंडप घालून, ध्वनिक्षेपक लावून, ‘विश्वास ठेवा, रोग जाईल, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल’ असे सांगणारे ख्रिस्ती प्रचारक आपल्या शहरात कमी नाहीत. तसेच ‘सकारात्मक राहा, सर्व मनासारखे होईल’ असे शुल्क घेऊन शिकविणारी आपल्या बाजूची शिबिरेही कमी नाहीत. दोघांचा माल एकच, वेष्टन तेवढे निराळे. दोघेही आनंद म्हणून सोय विकतात. सोय न झाली तर दोष गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा! रमाबाईंनी यांच्या दारी जाऊन विचारले असते, “माझी मनोरमा का गेली?” तर यांच्यापाशी काय उत्तर होते? मूळ ख्रिस्ती ग्रंथात असले आश्वासन नाहीच. ज्या पत्रात पौल आपल्या वाचकांना वारंवार आनंद करा म्हणून सांगतो, ते फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र त्याने तुरुंगातून लिहिले आहे. आणि सुटकेची हमी त्याला नव्हती. अडचणीतला आनंद कळण्यासाठी अडचण आधी मान्य करावी लागते. मंडपातले प्रचारक आणि शिबिरातले गुरू हे दोघेही तीच नाकारतात.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा. “हे सारे खरे असेल,” आमचे एक स्नेही म्हणाले, “पण ते आपले नव्हे. ते त्यांचे.” या ‘त्यांचे’ शब्दाने आम्हांला सर्वांत अधिक यातना झाल्या.

आपल्या घरांत एक आख्यायिका सांगतात. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, अर्धे शहर वाहून गेले, अफझलगंजाजवळच्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली. त्या वेळी महबूब अली पाशांनी नदीकाठी जाऊन मुसीमातेची पूजा केली, साडी-चोळी वाहिली, अशी ती आख्यायिका. आमच्या आजी ती सांगताना डोळ्यांना पदर लावीत. मुसलमान राजाने हिंदूंच्या नदीची ओटी भरली, यात कोणालाही ‘ते त्यांचे’ असे वाटले नाही. संकटात एका माणसाने दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडले, एवढेच सर्वांना दिसले. ज्या शहराने आपल्याला हे शिकविले त्या शहरात राहून आपण आपल्याच भाषेतल्या, आपल्याच अभंग-ओवीत गाणाऱ्या माणसांना परके ठरवावे?

कारण भाषा तर आपलीच आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. तुकोबा त्या वेळी बालवयात होते. टिळक तर सांगतच की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी ख्रिस्ती मंडळींना अभंग दिले, कीर्तन दिले. लक्ष्मीबाई स्वतः कीर्तनाला उभ्या राहत. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ ९ मे १९१९ रोजी त्यांच्या निधनाने दहा-अकरा अध्यायांवर थांबले. ज्या बाईला शाळा अशी फारशी ठाऊक नव्हती तिने पुढचे साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले. वैधव्यात हे काम हाती घेणे हा शोक करण्याचा एक प्रकार होता. आणि आमच्या मते मराठीत शोकाचा याहून आनंदी प्रकार सापडणार नाही.

तुकोबांचेच उदाहरण पाहा. दुष्काळात बायको गेली, मूल गेले, दुकान बुडाले, आणि या साऱ्याबद्दल तुकोबा देवाचे आभार मानतात. आपण ते टाळ वाजवून गातो. ‘ही गुंगी आहे’ असे कोणी म्हणत नाही, ‘तो भाग वगळा’ असेही कोणी म्हणत नाही. तोच आनंद, त्याच छंदात, ख्रिस्ताचे नाव घेऊन आला की मात्र आपल्या कपाळाला आठी पडते. मग आपल्याला प्रिय आहे ते काय? भक्ती की केवळ नाव?

ही आठी नवी नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आपल्या जुन्या राज्याच्याच एका जिल्ह्याच्या ठाण्याला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. बायबलचा नवा करार सुबोध मराठीत आणणारे, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढणारे. त्यांच्या निवडीवर काहींनी आक्षेप घेतला तो त्यांच्या मराठीवर नव्हे. त्यांच्या झग्यावर घेतला. फादर पाठदुखीने जर्जर असतानाही आले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले. आक्षेप घेणारांची नावे आज कोणाला आठवतात?

आता शेवटचा मुद्दा, आणि खरे म्हणजे याच मुद्द्यासाठी आम्ही लेखणी उचलली. आपल्यासारख्या जुन्या वसाहतवासी कुटुंबांना या पुस्तकांची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. आपल्या घरांतल्या गोष्टी कोणत्या? पुराची, पोलीस ॲक्शनची, आणि १ नोव्हेंबर १९५६ ची. त्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथेच राहिलो. त्यानंतरची गोष्ट म्हणजे मुलांना मराठी येत नाही ही. आपल्या सभांतली भाषणे, आपल्या अंकांतले लेख आम्ही काढून पाहिले. आम्ही स्वतः लिहिलेलेही. बहुतेक विलापिका आहेत. काय गेले याची यादी आम्हांला तोंडपाठ आहे. जे गेले ते सांगतानाही हसता येते, कृतज्ञ राहता येते, ही विद्या आमच्यापाशी उरलेली नाही.

२०२० आणि २०२१ च्या साथीत हे लख्ख दिसले. काचीगुड्यातली, सुलतान बाजारातली, शालीबंड्यातली कितीतरी माणसे गेली. शोकसभा फोनवर झाल्या. प्रत्येक सभेत आम्ही तीच दोन वाक्ये म्हटली: मृतात्म्यास शांती लाभो, कुटुंबीयांस बळ मिळो. तिसरे वाक्य कोणालाच सुचेना. त्या दिवसांत आमच्या घरी एक विधवा वृद्धा विलगीकरणात होत्या. दाराच्या फटीतून आम्ही त्यांना ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवीत असू. गमतीच्या जागी त्या हसत, हे खरे. पण एके संध्याकाळी त्या म्हणाल्या, “ती नवऱ्यावाचून पंढरपुरात होती ना, तिथपासून वाच. आणि मग तिला बरे कसे वाटले ते वाच.” नेमका तोच भाग त्यांना हवा होता. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. तुळशीला पाणी घालीत राहिल्या. पण बरे कसे वाटले, हे कोणीतरी मराठीत सांगितलेले त्यांना ऐकायचे होते. ते सांगणारे पुस्तक आमच्या कपाटात होते, म्हणून आम्ही सांगू शकलो. ‘तो भाग वगळून’ वाचले असते तर त्या रात्री आम्ही त्यांना काय वाचून दाखविले असते? मीठ धुण्याची गंमत?

म्हणून आमची मागणी साधी आहे. ती संध्याकाळ व्हावी आणि पुस्तक सबंध घेऊन व्हावी. सोवळे वाचावे, बाप्तिस्माही वाचावा. वाद झाला तर होऊ द्यावा. रमाबाईंच्या हातून चूक झाली असे ज्यांना वाटते त्यांनीही उभे राहून बोलावे. आपल्या शहरात मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांना पाहुणे म्हणून नव्हे, यजमान म्हणून बोलवावे, आणि त्यांच्या घरी टिळकांची भजने ज्या चालींवर म्हणतात त्या चाली त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. दिवस बरे नाहीत, असे ज्येष्ठांनी बजावले ते आम्हांला मान्य आहे. टिळकांचे आणि रमाबाईंचे दिवस तरी कोठे बरे होते? दिवस बरे नसतानाच या पुस्तकांचा उपयोग.

पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही स्वतः मांडणार आहोत. या वेळी चहा येईपर्यंत गप्प बसणार नाही.